दोन व्याह्यांचं टेबल

९ जानेवारी

मा. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार,

रविवारचा भाग पाहिलात ना? नाही म्हणालात तर मी विश्वास ठेवणार नाही. टीव्हीवर ‘जुनं ते चालतं’ लागलं की तुम्हाला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही, हे तुमच्या शेजाऱ्यांनीच मला लग्नात सांगितलं होतं. दाढीवाल्यानं ते पायानं चालवायचं कातयंत्र काय सुरेख उभं केलं हो! छताला एक लवचिक फांदी, तिला दोरी, खाली पायटा. बस्स, संपलं. ना मोटर, ना वायर. पाय दाबला की मधलं लाकूड गरगर फिरतं आणि त्यातून खुर्चीचा पाय गोल होऊन बाहेर येतो.

मला माझ्या गुरूंचा दवाखाना आठवला. त्यांच्याकडे दात कोरायचं यंत्र पायानंच चालायचं. रोगी ओरडला की गुरुजी घाबरायचे आणि घाबरले की पाय आणखी जोरात चालायचा. मी हे हिला सांगत होतो तर ही म्हणाली, “दिवसभर लोकांच्या तोंडात कोरता, रविवारी लाकडात कोरलेलं बघता. तुम्हाला वीट कसा येत नाही?” आता काय बोलणार!

फोन का करत नाही तुम्ही दोघं, असं चिरंजीव परवा विचारत होते. म्हटलं, मास्तरांचा आणि माझा ठराव आहे. रंध्यापटाशीच्या गप्पा मोबाइलवर मारणं म्हणजे विमानात बसून बैलगाडीचं कौतुक करणं. चिरंजीव हल्ली संध्याकाळी आमच्याकडेच जेवतात. त्यांच्या ऑफिसचं काहीतरी काम आमच्या बाजूला निघालंय.

बाकी आपलं टेबल मुलांच्या स्वयंपाकघरात उभं आहेच. एका बापानं पाय करायचे, दुसऱ्यानं फळी आणि पायांना जोडणारा दांडा, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलवर पहिल्यांदा जोडायचं, ही कल्पना तुमची की माझी यावर आपण मरेपर्यंत भांडू. पण खिळा नाही, सरस नाही, नुसती पाचर ठोकली आणि दोन्हीकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, हे तर दोघांनाही कबूल आहे ना?

आपला,
व्याही (पायवाला)


१७ जानेवारी

मा. व्याहीबुवा,

नमस्कार. पत्र पोचलं. बेलचा आरोप मान्य.

एक दुरुस्ती. त्या यंत्रात लाकूड गरगर फिरत नाही. पाय दाबला की सुलटं फिरतं आणि फांदीनं ओढलं की उलटं फिरतं. उलटं फिरताना हत्यार मागे घ्यावं लागतं. दाढीवाल्याचं सगळं कसब त्या मागे घेण्यात होतं. तुमच्या ते लक्षात आलं नाही, कारण तेव्हा तुम्ही विहीणबाईंना गुरुजींची गोष्ट सांगत असणार.

त्याच्या जोडीला असते ती चक्कीवाली बाई मात्र मला आता आवडायला लागली आहे. पूर्वी वाटायचं, दाढीवाल्याच्या कार्यक्रमात हिचं काय काम? पण परवा तिनं पखालीएवढा भाता एकटीनं ओढला आणि घाम पुसत म्हणाली, “जुन्या माणसांना व्यायामाची गरज का नव्हती, ते कळलं.” खरं बोलली.

लेक आली आहे. विश्रांतीला. रजा शिल्लक होती म्हणे. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून कार्यक्रम बघते, म्हणजे टीव्हीकडे तोंड करून बसते. मी विचारलं, “पाणचक्की कशी वाटली?” तर “छान आहे” म्हणाली. तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती.

घरात दुसरं माणूस असलं की बरं वाटतं. ही गेल्यापासून रविवारचा तो कार्यक्रम आणि तुमचं पत्र, एवढ्यावर माझा आठवडा उभा असतो. हे तुमचं कौतुक म्हणून लिहीत नाही. जे आहे ते लिहिलं.

आपला,
व्याही (फळीवाला)


२ फेब्रुवारी

मा. व्याहीबुवा,

दुरुस्ती मान्य. हाडाचे मास्तर तुम्ही, माझं पत्र तपासून लाल शाईनं परत पाठवत नाही हेच नशीब.

आता जरा दुसरं. दात उपटताना मी रोग्याला हवापाण्याचं विचारतो. रोगीही तोंड उघडं ठेवून हवापाण्याचंच काहीतरी सांगतो. चिमटा कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. आपल्या दोघांचं सध्या तेच चाललंय, मास्तर. सूनबाई विश्रांतीला आलेल्या नाहीत आणि चिरंजीवांचं काम आमच्या बाजूला निघालेलं नाही. ते आमच्याकडे नुसते जेवत नाहीत, राहतात. कपड्यांची बॅग घेऊन आलेत. जुन्या खोलीत झोपतात आणि सकाळी न सांगता निघून जातात.

काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, “काही झालं नाही, बाबा.” बरं, काही झालं नाही तर घरी जा! तर उठून खोलीत जातात. ही आधी रडते, मग रागावते, आणि रागावली की तुमच्या घराचा उद्धार करते. मी कानाडोळा करतो. तुम्ही तरी लेकीकडून काही काढा. तुम्ही तिचे वडील, शिवाय मास्तर.

मी चिरंजीवांना एवढंच सांगितलं, जुळवून घ्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना हेच सांगत आलोय.

पाणचक्कीचा भाग मीही नीट पाहिला नाही. रेकॉर्ड करून ठेवलाय, बघायला मन होत नाही.

आपला,
व्याही (पायवाला)


११ फेब्रुवारी

मा. व्याहीबुवा,

तुम्ही बोललात हे बरं केलंत. मला सुरुवात करता येत नव्हती.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, “भांडणसुद्धा झालं नाही, बाबा. दोघंही एकमेकांना नुसतं सांभाळून घेत राहिलो. त्याला काय हवंय ते तो सांगायचा नाही, मला काय नको ते मी सांगायची नाही. दमलो दोघंही.” मला यातून काही बोध झाला नाही. भांडण नाही, मारझोड नाही, व्यसन नाही, मग संसार मोडतो कशानं? मीही तिला जुळवून घे असंच सांगत आलो होतो. ती म्हणाली, “तेच तर करत होते.” ती दोघं वकिलाकडे जाऊन आली आहेत, हेही तेव्हाच कळलं. मिळून गेली होती. एकाच रिक्षानं.

एक गोष्ट मात्र तिनं स्वतःहून सांगितली, ती लिहितो. म्हणाली, “तुमच्या त्या टेबलानं तर जीव नकोसा केला होता. सारखं हलायचं. चहा ओतताना एका हातानं दाबून धरायला लागायचं.” मला वाईट वाटलं. फळी मी रंधून रंधून आरशासारखी केली होती. आता हलतं म्हणजे फळी हलत नाही, पाय हलतात. तुमच्या पायांच्या चौकटीत जी भोकं आहेत, ज्यात माझ्या दांड्याच्या टोकाचा कुसू जातो, त्यांचं माप तुम्ही तेव्हा पुन्हा एकदा तपासायला हवं होतं. टोचून लिहीत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. मुलं तरुण आहेत, ती आपापलं बघतील. कोर्टाचा कागद झाल्यावर तुम्ही आणि मी एकमेकांचे कोण? व्याही नाही, मग काय? विहीणबाई तुम्हाला मला पत्र लिहू देतील का? मुलीचा संसार मोडतोय आणि बाप स्वतःच्या पत्रव्यवहाराची चिंता करतोय, हे शोभत नाही. पण मला तीच चिंता लागली आहे, ती लपवून काय करू?

आपला,
व्याही (फळीवाला)


२० फेब्रुवारी

मा. मास्तर,

“टोचून लिहीत नाही” असं लिहून माणूस जेव्हा टोचतो तेव्हा ते जास्त लागतं.

माझी भोकं तपासायला हवी होती म्हणता? अहो, उभा जन्म भोकं कोरण्यात गेला माझा! दाढेतली भोकं! तिथे केसभर चुकलं तर रोगी खुर्चीतून उडतो. तुमचा कुसूच बारीक असणार. मी तेव्हाच पाहिलं होतं, पण म्हटलं, जाऊ द्या, मुलीकडची मंडळी आहेत, चारचौघांत कशाला बोला. तुम्ही काय, फळ्यावर खडूनं काटकोन काढणार. लाकडाला खडू चालत नाही.

ही विचारत होती काय लिहिताय एवढं. तिला टेबलाचं सांगितलं. ती म्हणाली, “बघा, पोराचं घर मोडलं आणि वर आपल्यावरच खापर फोडतायत. आता पत्र बंद करा.” मी म्हटलं, बघतो.

आपला,
अजून तरी व्याही


२७ फेब्रुवारी

मा. डॉक्टर,

भूमितीत मत नसतं, सिद्धता असते. कुसू बारीक होता ही तुमची समजूत आहे, सिद्धता नाही.

विहीणबाईंचं बरोबर आहे. पत्र बंद करू.

मास्तर


१४ जुलै

मास्तर, नमस्कार.

मायना काय लिहावा यावर माझा सकाळभर खल झाला, म्हणून नुसतं मास्तर लिहिलं. रागावू नका.

कागद झाला हे तुम्हाला कळलं असेलच. चिरंजीव कोर्टातून आले आणि सरळ जाऊन झोपले. मला वाटलं होतं, ही फार आकांत करेल. पण तिनं त्यांच्या दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतःच्या खोलीत जाऊन बसली. मलाच रडू आलं. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांतलं पाणी बघत आलो, माझं मला आवरलं नाही.

मग सामानाची वाटणी झाली. दोघांनी मिळूनच केली म्हणे, आणि “तूच घे, तूच घे” करत केली. मेले इतकं गोड वागत होते तर एकत्र का राहिले नाहीत, असं ही विचारते. टेबलाशी मात्र अडले. ते कोणालाच नको होतं आणि टाकवतही नव्हतं. शेवटी तुमची लेक म्हणाली, “ज्याचं त्याच्या बापाकडे.” तेव्हा फळी आणि दांडा तुमच्याकडे पोचला असेल. पाय माझ्याकडे आलेत. दोन्ही चौकटी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, डोक्यावर काही नाही म्हणून बावळटासारख्या उभ्या आहेत.

आता ऐका, मी पत्र का लिहितोय. पाचर काढायला त्यांच्याकडे मोगरी नव्हती, म्हणून चिरंजीवांनी बुटाच्या टाचेनं ठोकली. कुसू बाहेर आला आणि त्याच्याबरोबर भोकातून दोन वस्तू पडल्या. चिरंजीवांनी त्या माझ्यासमोर आणून ठेवल्या, पडलेला दात कागदात गुंडाळून आणतात तशा. एक होतं चपटं झालेलं गुलाबी मेण. ते आमच्या दवाखान्यातलं, ते मी ओळखलं. भोक मी मुद्दामच थोडं मोठं ठेवलं होतं, मास्तर. तुम्ही शाळेतले, लाकडाचा हात नाही, कुसू जाड निघाला आणि भर हॉलात बसला नाही, तर मुलीकडच्यांची शोभा होईल, असं मनात आलं. मग जास्तच मोठं झालं वाटून कडेनं मेण लावलं. कोणाला सांगितलं नाही. हिलाही नाही.

पण त्या मेणाला चिकटून एक कागदाची घडी होती. उलगडली तर आत ‘इयत्ता नववी, भूमिती, खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा’. आता हे कोणाचं, ते तुम्ही सांगा!

आपला,
(इथे काय लिहू?)


२३ जुलै

डॉक्टर, नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दारातच उघडलं आणि दारातच हसलो. शेजारीण बघत होती. तिला वाटलं, मास्तरांचं काही खरं नाही.

प्रश्नपत्रिका माझी. सहामाहीची.

कुसू मी मुद्दाम बारीक केला होता. डॉक्टर दातांचे, लाकडाचे नाहीत, त्यांचं भोक लहान निघालं आणि मुलाकडच्यांना पाहुण्यांसमोर पटाशी घेऊन बसावं लागलं तर बरं दिसणार नाही, असा विचार होता. मग सैल पडेल या भीतीनं आदल्या रात्री टोकांना कागद गुंडाळला. तुम्ही सूट दिलीत, मी सूट दिली, दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. सूट दुप्पट झाली. नववीतल्या कोणत्याही पोरानं ही बेरीज तोंडी केली असती. लग्नाच्या दिवशी मेण ताजं होतं आणि कागद नवा होता, म्हणून टेबल दगडासारखं उभं राहिलं आणि आपण टाळ्या घेतल्या. पहिल्याच उन्हाळ्यात मेण मऊ पडलं असणार, कागद चेपला असणार. पुढे ती दोघं हातानं धरून बसली.

तेव्हा फेब्रुवारीतलं आपलं भांडण फुकट गेलं. मी माफी मागत नाही. तुम्हीही मागू नका, हिशोब बरोबर आहे.

संसाराचं आणि टेबलाचं एकच असं तुम्ही म्हणायच्या आत सांगून ठेवतो, तसं काही नाही. टेबल पुन्हा करता येतं.

फळी माझ्या बैठकीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. कार्यक्रम लागला की ती आणि मी समोरासमोर असतो. दाढीवाल्यानं पिंप केलं तो भाग तुम्ही पाहिलात का? एका फळीला एक फळी, नुसत्या लोखंडी कड्यानं आवळलेल्या, आणि आत पाणी ओतलं तरी टिपूस गळलं नाही. चक्कीवाल्या बाईनं विचारलं, “आत काय लावलंय?” तो म्हणाला, “काही नाही.” मी लगेच तुमच्याकडे बघायला वळलो, म्हणजे मनात. मार्चपासून दर रविवारी मी तुम्हाला मनात पत्र लिहितो आणि ते पाठवायचं नाही हे आठवून उठून दिवा बंद करतो. फार वाईट गेले हे महिने. लेक परत तिच्या गावी नोकरीवर गेली आहे. ती बोलत नाही, पण सुट्टीला येते.

खाली काय लिहायचं विचारता, तर जे आधीपासून कंसात लिहीत होतो तेच लिहू. ते कोणत्याही कोर्टाला बदलता येणार नाही.

आपला,
फळीवाला


५ ऑगस्ट

प्रिय फळीवाले,

वा! मास्तर, तुम्हाला दहापैकी दहा. मी आपला व्याही, माजी व्याही, स्नेही असं काय काय लिहून खोडत बसलो होतो.

पिंपाचा भाग पाहिला म्हणजे काय, दोनदा पाहिला! दुसऱ्यांदा ही पण बसली होती. “आत काही लावलं नाही, मग गळत कसं नाही?” असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, माप बरोबर आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिला मी मेणाचं आणि प्रश्नपत्रिकेचं सांगितलं होतं. ती हसली नव्हती. म्हणाली, “तुम्हा दोघांना एकदा फोन करून माप विचारायला काय झालं होतं?”

आता कामाचं. या पत्राबरोबर एक खोकं येईल. जपून उघडा. त्यात दोन ठसे आहेत. आम्ही कवळीसाठी तोंडाचा साचा घेतो तसा मी दोन्ही भोकांचा घेतला आणि प्लास्टर ओतून पक्का केला. ठसा आहे तेवढंच भोक आहे. मी त्यात तसूभर वाढवलं नाही, कमी केलं नाही, मेण तर घरातच ठेवलं नाही. तुम्ही या ठशाला धरून दांडा नवा करा. जुन्याचा कुसू आता जाड होणार नाही. लाकूड वाळलेलं घ्या. आणि मास्तर, या खेपेला मुर्वत नको. माझं भोक वाकडं असेल तर वाकडं म्हणा. तुमचा कुसू जाड असेल तर मी भर बैठकीत शिव्या देईन आणि बारीक असेल तर त्याहून जास्त देईन.

टेबल आमच्याकडे नको. हिला ते रोज डोळ्यांसमोर नकोय, आणि तिचं बरोबर आहे. तुमच्याकडे उभं करू. पाय घेऊन मी येतो.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. खोकं मी भरत होतो तर ही आली, म्हणाली, “असं भरतात होय? वाटेत फुटेल.” आणि तिनं ठशांना जुन्या उशीचा कापूस गुंडाळून दिला. एवढंच. पत्ता मी लिहिला.

आपला,
पायवाला


२१ सप्टेंबर

प्रिय पायवाले,

खोकं पोचलं. ठसे शाबूत. विहीणबाईंना नमस्कार सांगा. त्यांना मी दुसरं काय म्हणणार? या वयात नवीन शब्द जमत नाही.

तुमचं डावं भोक वाकडं आहे. उजवं सरळ आहे. तुम्हीच म्हणालात सांगा, म्हणून सांगितलं. डावा कुसू मी तेवढाच वाकडा केला आहे.

पहिला दांडा बिघडला. कारण सांगतो. करवत रेघेवर ठेवली की हात आपोआप आतल्या बाजूला जातो. जरा कमी असू दे, बसायला बरं, असं हात स्वतःच ठरवतो. उभ्या आयुष्याची सवय. दुसऱ्या दांड्याला मी रेघ अर्धी ठेवून कापलं आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं स्वतःला सांगितलं, “सूट नाही.” शेजारणीला आता खात्रीच पटली आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी या. कार्यक्रमाच्या आधी या.

आपला,
फळीवाला


१९ ऑक्टोबर

प्रिय पायवाले,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तुमची टोपी इथे राहिली आहे. तुम्ही डाव्या कुसूला दिलेल्या शिव्याही अजून स्वयंपाकघरात घुमत आहेत. एका दंतवैद्याला इतक्या येत असतील असं वाटलं नव्हतं. मीही दोन नवीन शिकलो. पण तो बसला तेव्हाचा आवाज तुम्ही ऐकलात ना? मोगरीचा ठोका पोकळ येता येता एकदम भरीव आला. त्या सगळ्या गडबडीत दाढीवाल्याचा कार्यक्रम पहिल्यांदा चुकला. मला त्याचं काही वाटलं नाही.

आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं.

काल लेक आली होती. तुम्ही येऊन गेलात हे मी तिला कळवलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात शिरली आणि टेबल बघून दारातच उभी राहिली. मग हातपाय धुतले, चहा केला, दोन कप टेबलावर मांडले. डावा हात फळीवर दाबून धरला आणि उजव्या हातानं किटली तिरकी केली.

मी म्हटलं, “हात काढ. आता हलत नाही.”

तिला आधी कळलं नाही. मग तिनं स्वतःच्याच हाताकडे पाहिलं आणि तो उचलला. एक कप भरला, दुसरा भरला. बशीत थेंब सांडला नाही. किटली खाली ठेवून तिनं टेबलाला हातानं धक्का देऊन पाहिलं. मग कमरेनं जोरात दिला. मग वाकून खालून दांडा पाहिला, पाचर पाहिली, भोकात कुठे काही कोंबलंय का ते नखानं चाचपलं.

“आत काय लावलंय?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

“मग आधी का हलत होतं?”

मी सगळं सांगितलं. तुमचं मेण, माझा कागद, तुमची सूट, माझी सूट. मला वाटलं, हसेल. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आम्हाला वाटायचं, तुम्ही दोघांनी इतक्या हौसेनं केलंय, हलतं म्हणून सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून त्यानंही कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. तो त्याच्या बाजूनं धरायचा, मी माझ्या बाजूनं.”

मग तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. इतके महिने ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिचा कप जरा बाजूला सरकवला आणि शेजारी बसलो. तिला जुळवून घे म्हणालो नाही. चहा गार झाला, तो आम्ही नंतर तसाच प्यालो.

हे तुमच्या चिरंजीवांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सांगा. त्यातून काही जुळेल म्हणून नव्हे. तोही एका बाजूनं धरून बसला असेल, त्यालाही हात काढता येईल.

रविवारी लाकडी चाकांचं घड्याळ आहे. चुकवू नका. टोपी पाठवत नाही, न्यायला या. विहीणबाईंना घेऊन या.

आपला,
फळीवाला